अप्पासाहेब पंत : नैरोबीचे पर्व विसरले जाऊ नये

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांवर आलेला लेख वाचला. औंधचे वस्तुसंग्रहालय, यमाईचे देवस्थान आणि तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा सूर्यनमस्काराचा प्रसार यांविषयीचा मजकूर वाचनीय आहे. मात्र त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांच्याबद्दल लेखात जेमतेम दोन ओळी आहेत, आणि त्यांचा आशय असा की संस्थाने विलीन झाल्यावर जशी इतर राजघराण्यांतील मंडळींची परदेशी वकिलातींत सोय लावण्यात आली, तशीच ती अप्पासाहेबांचीही लागली व पुढे ते लंडनला भारताचे उच्चायुक्त झाले. काही संस्थानिकांच्या बाबतीत हे म्हणणे खरेही असेल. अप्पासाहेबांच्या बाबतीत ते अन्यायाचे आहे. त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या राजनैतिक कारकिर्दीचा सर्वांत कसदार भाग लंडनचा नसून त्याआधीचा, पूर्व आफ्रिकेचा आहे. त्या भागाची मुळे औंधातच असल्याने आपल्या वाचकांना तो ठाऊक असावा, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

अप्पासाहेबांचा जन्म १९१२ चा. मुंबई विद्यापीठ, ऑक्सफर्ड आणि लिंकन्स इन असे शिक्षण घेऊन, बॅरिस्टर होऊन ते १९३७ च्या सुमारास परतले. त्या काळच्या राजपुत्राच्या आयुष्यात एवढे झाले की पुढचा मार्ग ठरलेला असे. औंधात मात्र वेगळे घडले. मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडचे एक ज्यू अभियंते म्हैसूर संस्थानात काम करीत होते. गांधीजींच्या विचारांनी भारावलेल्या आणि पुढे भारतानंद या नावाने ओळखल्या गेलेल्या या गृहस्थांशी पंत पितापुत्रांचा परिचय झाला, आणि राजाने आपली सत्ता स्वतःहून प्रजेच्या हाती द्यावी ही कल्पना पुढे आली. बाळासाहेबांनी १९३८ च्या नोव्हेंबरात तसे जाहीर केले. अप्पासाहेब आणि फ्रिडमन सेवाग्रामला जाऊन बसले, गांधीजींनी मसुद्यात स्वतः लक्ष घातले, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य राज्यघटना अमलात आली. गावाने पंच निवडायचे, गावांच्या पंचायतींतून तालुक्याचा कारभार उभा राहायचा आणि त्यातून संस्थानची विधिसभा बनायची, अशी ती रचना होती. वसुलाचा मोठा हिस्सा गावातच राहावा हा त्यातला कळीचा भाग. मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे ही अट गांधीजींच्या आग्रहामुळे आली. आजच्या दृष्टीने ती खटकते, पण त्यामुळे खेडोपाडी प्रौढांना अक्षरे शिकवण्याची घाई झाली हेही खरे.

बहात्तर गावांचे, सातारा, सांगली, सोलापूर, विजापूर या भागांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले हे संस्थान. त्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची कोठड्यांशिवायची वसाहत उभी राहिली. त्यातच कुंडल होते, आणि १९४२ नंतर प्रतिसरकारच्या भूमिगतांना औंधच्या हद्दीत जो आसरा मिळाला, तो दरबारच्या नकळत मिळालेला नव्हता. या सगळ्या काळात अप्पासाहेब आधी प्रयोगाचे कार्यकर्ते आणि पुढे संस्थानचे पंतप्रधान होते. १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि प्रयोग जेमतेम नऊ वर्षांनी थांबला. तो यशस्वी झाला असता का, याची चर्चा मी येथे करीत नाही. वयाच्या छत्तीस वर्षांच्या आत ज्या माणसाने राजाच्या घरात बसून राजसत्ता सोडून देण्याचा तपशीलवार मसुदा लिहिला होता, गावोगाव हिंडून तो लोकांना समजावला होता आणि ब्रिटिश रेसिडेन्सीची नाराजीही सोसली होती, त्या माणसाला जवाहरलाल नेहरूंनी त्याच वर्षी नैरोबीला पाठवले, एवढे लक्षात घेतले की ही ‘सोय’ कसली होती ते आपोआप स्पष्ट होते.

पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून अप्पासाहेब १९४८ मध्ये रुजू झाले. केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांझिबार हे सगळे त्यांच्या कक्षेत होते, पुढे मध्य आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतींची आणि बेल्जियन काँगोची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. एकट्या केनियात त्या वेळी भारतीय वंशाचे सुमारे एक लाख लोक होते. १८९६ पासून मोंबासाहून आत गेलेल्या रेल्वेच्या बांधकामासाठी आणलेले पंजाबी मजूर, त्यांच्या आगेमागे आलेले गुजराती दुकानदार, कचेऱ्यांतून कारकुनी करणारे गोमंतकीय असा तो समाज होता. डोंगराळ भागातील सुपीक जमीन कायद्याने फक्त गोऱ्यांसाठी राखलेली, मधल्या पायरीवर भारतीय, आणि सर्वांत खाली ज्यांचा देश होता ते आफ्रिकी, अशी तेथील उतरंड होती. भारतीयांची तक्रार मुख्यतः ही की आपल्याला गोऱ्यांइतके हक्क नाहीत. खालच्या पायरीकडे पाहण्याची सवय फार थोड्यांना होती.

नेहरूंचे धोरण स्पष्ट होते. आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीयांनी आफ्रिकी लोकांच्या हिताआड येणारी कोणतीही सवलत मागू नये, आणि तशी मागितल्यास भारत सरकार त्यांच्या पाठीशी उभे राहणार नाही. हे दिल्लीत बसून सांगणे सोपे होते. नैरोबीच्या व्यापारी मंडळींच्या बैठकीत, ज्यांच्या देणग्यांवर तेथील शाळा आणि समाजमंदिरे चालत होती त्यांच्या तोंडावर ते सांगणे अवघड होते, आणि अप्पासाहेब ते पुनःपुन्हा सांगत राहिले. फाळणीनंतर तेथील हिंदू आणि मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे करण्याची हालचाल सुरू झाली तेव्हा त्यांनी तिला विरोध केला. तो विरोध फळाला आला नाही, भारतीय समाज तेथेही दुभंगला. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात याकरिता त्यांनी जो पाठपुरावा केला, त्याचे फळ मात्र मिळाले. गांधीजींच्या स्मारकासाठी तेथील भारतीयांनी जमवलेला निधी कोण्या एका जमातीच्या महाविद्यालयासाठी न वापरता सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुल्या असलेल्या संस्थेत घालावा हा विचार त्यांच्याच काळात पक्का झाला. तो निधी नैरोबीच्या रॉयल टेक्निकल कॉलेजला जोडला गेला, आणि त्या कॉलेजचेच पुढे नैरोबी विद्यापीठ झाले. गांधीजींचा पुतळा आजही त्या आवारात आहे.

केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते जोमो केन्याटा, कोइनांगे घराण्यातील मंडळी आणि इतर आफ्रिकी पुढारी यांच्याशी अप्पासाहेबांचे संबंध केवळ औपचारिक राहिले नाहीत. ते त्यांच्या घरी जात, त्यांना आपल्या घरी जेवायला बोलावत. वसाहतीच्या त्या काळात परराष्ट्राच्या प्रतिनिधीच्या टेबलावर आफ्रिकी पाहुणा बसणे हीच गोऱ्या वसाहतवाल्यांच्या दृष्टीने आगळीक होती. गव्हर्नर फिलिप मिचेल यांना हा आयुक्त खटकत होता आणि त्यांच्या तक्रारी लंडनमार्गे दिल्लीला पोहोचत होत्या. येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. यजमान देशाच्या सरकारला जे विरोधक वाटतात त्यांच्याशी मैत्री ठेवणारा राजदूत हा राजनैतिक संकेतांच्या काटेकोर अर्थाने दोषीच ठरतो. ब्रिटिशांची तक्रार त्या अर्थाने निराधार नव्हती. पण यजमान कोण, हाच तर तेथे प्रश्न होता. वसाहतीत सरकार एकाचे असते आणि देश दुसऱ्याचा, आणि अशा ठिकाणी पाठवलेल्या माणसाला आपण नक्की कोणाकडे आलो आहोत हे ठरवावे लागते. औंधच्या या माणसाला ते ठरवायला वेळ लागला नाही.

२० ऑक्टोबर १९५२ रोजी, नवे गव्हर्नर एव्हलिन बेअरिंग यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच, केनियात आणीबाणी पुकारली गेली. ब्रिटिश राजवटीविरुद्ध पेटलेल्या माउ माउ बंडाचा सूत्रधार ठरवून केन्याटांना अटक झाली आणि दूरच्या कापेंगुरिया गावी त्यांच्यावर खटला चालला. बचावासाठी ब्रिटिश वकील डी. एन. प्रिट यांच्याबरोबर जे उभे राहिले त्यांची नावे पाहिली तर भारताचा त्या लढ्याशी असलेला संबंध कळतो. दिल्लीहून संसद सदस्य दिवाण चमनलाल गेले, नैरोबीचे अछ्रू कपिला आणि जसवंत सिंग होते, आणि मूळचे गोमंतकीय असलेले तरुण बॅरिस्टर फिट्झ डिसूझा होते. नैरोबीतील भारताच्या कचेरीची सहानुभूती कोणाकडे आहे हे तेव्हा कोणापासूनही लपलेले नव्हते. या दिवसांत भारतीय समाजातील थोड्याच लोकांनी उघड बाजू घेतली. त्यांतले दोघे गोमंतकीय रक्ताचे होते हे मराठी आणि कोकणी वाचकांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एक पिओ गामा पिंटो, ज्यांना १९५४ मध्ये स्थानबद्ध करण्यात आले, स्वातंत्र्यानंतर जे तेथील संसदेत गेले आणि १९६५ च्या फेब्रुवारीत नैरोबीत ज्यांची गोळ्या घालून हत्या झाली. दुसरे जोसेफ मुरुंबी, गोमंतकीय पिता आणि मासाई माता यांचे पुत्र, जे १९५३ मध्ये भारतात येऊन केनियाची बाजू मांडत हिंडले आणि पुढे त्या देशाचे परराष्ट्रमंत्री व काही काळ उपाध्यक्ष झाले.

अखेर ब्रिटिश सरकारचा दबाव वाढला. नेहरूंनी बराच काळ आपल्या प्रतिनिधीला पाठीशी घातले, केनियातील दडपशाहीवर जाहीर टीकाही केली, पण १९५४ च्या आरंभी अप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी पद्म पुरस्कार सुरू झाले, आणि पहिल्याच यादीत पद्मश्रीसाठी अप्पासाहेबांचे नाव होते. लंडनला नकोशा झालेल्या माणसाचा दिल्लीने असा गौरव करावा, यात नेहरूंच्या स्वभावाचा एक खट्याळपणा मला दिसतो. तो हेतुपुरस्सर होता असा माझा दावा नाही.

नैरोबीनंतरचा टप्पाही तितकाच नाजूक होता. १९५५ पासून १९६१ पर्यंत ते गंगटोक येथे पोलिटिकल ऑफिसर होते. पदाचे नाव ब्रिटिश अमदानीतले, काम मात्र सिक्कीम व भूतानशी संबंध सांभाळणे आणि ल्हासा, ग्यांत्से, यातुंग येथील भारतीय कचेऱ्यांवर देखरेख ठेवणे असे तिहेरी होते. एप्रिल १९५४ च्या करारान्वये भारताने तिबेटमधील आपले लष्करी संरक्षक व तारटपालाची यंत्रणा सोडून दिली होती. त्यामुळे तिबेटात जे घडत होते ते पाहण्याचे डोळे उरले ते याच कचेऱ्यांचे. १९५६ च्या नोव्हेंबरात बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त दलाई लामा आणि पंचेन लामा नाथू ला ओलांडून भारतात आले तेव्हा त्यांच्या स्वागताची जबाबदारी अप्पासाहेबांवर होती. परत जावे की येथेच राहावे या पेचात सापडलेल्या तरुण दलाई लामांना नेहरूंनी परतण्याचा सल्ला दिला. परतताना हिवाळ्यातल्या बर्फामुळे ते काही काळ गंगटोकला थांबले आणि १० फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांच्या हस्ते नामग्याल तिबेटविद्या संस्थेची पायाभरणी झाली. सिक्कीमचे राजपुत्र आणि अप्पासाहेब या दोघांच्या आस्थेतून उभ्या राहिलेल्या या संस्थेचे उद्घाटन पुढल्या वर्षी १ ऑक्टोबरला नेहरूंनी केले, आणि तिबेटी ग्रंथांचा मोठा ठेवा आज तेथे सुरक्षित आहे. त्याच वर्षी, म्हणजे १९५८ च्या सप्टेंबरात, नेहरू घोड्यावरून, चुंबी खोऱ्यातून, भूतानमध्ये पारो येथे गेले. त्या प्रवासात इंदिरा गांधींबरोबर अप्पासाहेबही होते. भूतानने आपल्या मार्गाने जावे व स्वतंत्र राहावे, हे नेहरूंनी पारोला जाहीरपणे सांगितले. लहान राज्याने मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीत आपले स्वत्व कसे राखावे, हा प्रश्न औंधच्या माणसाला पुस्तकातून समजून घ्यायचा नव्हता.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा तवांगमार्गे भारतात आले, आणि गंगटोकचे सगळे काम बदलून गेले. तिबेटविषयी अप्पासाहेबांना असलेली ओढ त्यांच्या लेखनात जागोजागी दिसते. त्या ओढीत अध्यात्माचा भाग इतका आहे की कधीकधी राजकीय निरीक्षण त्याखाली झाकले जाते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

इंडोनेशियातील त्यांची वर्षे (१९६१ ते १९६४) सुखाची नव्हती. १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धांत इस्रायल व तैवानच्या खेळाडूंना सुकार्नो सरकारने प्रवेश नाकारला. त्याविरुद्ध भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आवाज उठवताच लोकांचा रोष भारतावर वळला आणि ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी शत्रुत्वाने ओरडणाऱ्या प्रेक्षकांसमोर भारतीय फुटबॉल संघाने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या विजयाची आठवण आपण काढतो, पण त्या दिवसांत वकिलातीची दारे सांभाळून इंडोनेशियाशी बोलणी चालू ठेवणारा राजदूत मराठी होता हे सहसा कोणाच्या लक्षात नसते. दीड महिन्यातच चीनने आक्रमण केले आणि १९५५ च्या बांडुंग परिषदेत गाजलेल्या आशियाई-आफ्रिकी बंधुभावाची कसोटी लागली. इंडोनेशियाने तेव्हा भारताची बाजू घेतली नाही.

नॉर्वेतील दोन वर्षे सोडून देतो. १९६६ ते १९६९ या काळात ते इजिप्तमध्ये, कैरोला राजदूत होते. म्हणजे जून १९६७ चे इस्रायलशी युद्ध, अध्यक्ष नासर यांचा राजीनामा आणि लोकांच्या आग्रहाखातर त्यांचे परतणे, सुवेझ कालव्याचे बंद होणे हे सगळे त्यांनी जवळून पाहिले. त्यानंतर लंडन, ज्याचा उल्लेख आपल्या लेखात आहे. तेथील त्यांच्या कारकिर्दीत बांगलादेशाचा प्रश्न पेटला. १९७१ च्या शरद ऋतूत इंदिरा गांधी युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यात लंडनला आल्या तेव्हा ब्रिटिश सरकार व वृत्तपत्रे यांच्यापुढे भारताची बाजू मांडण्याची पूर्वतयारी त्यांच्या कचेरीने केलेली होती. पाकिस्तानच्या कैदेतून सुटलेले शेख मुजीबुर रहमान ८ जानेवारी १९७२ रोजी लंडनला उतरले तेव्हा त्यांची भेट घेणाऱ्या पहिल्या काही जणांत भारताचे उच्चायुक्त होते.

मला मात्र लंडनच्या त्या वर्षांत दुसरीच गोष्ट अधिक बोचते. केनियातील भारतीयांपैकी ज्यांनी ब्रिटिश पारपत्रे धरून ठेवली होती त्यांना ब्रिटनने १९६८ च्या कायद्याने दार बंद करून घेतले होते. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते होण्याचा हुकूम सोडला. अप्पासाहेबांची लंडनमधील मुदत तेव्हा संपत आली होती. तुमचे भवितव्य आफ्रिकी शेजाऱ्यांच्या भवितव्यापासून वेगळे नाही, असे पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांना त्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितले होते, त्यांचीच कुटुंबे आता लंडनच्या विमानतळांवर उतरत होती. भारतीयांनी तो सल्ला ऐकला असता तर अमीन आलाच नसता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्या क्रौर्याची कारणे युगांडाच्या लष्करात आणि वसाहती राजवटीने मागे ठेवलेल्या फुटीत होती. तरीही १९४८ चा तो सल्ला दूरदृष्टीचा होता, एवढे म्हणायला हरकत नसावी.

१९७२ ते १९७५ इटलीत राजदूत राहून अप्पासाहेब निवृत्त झाले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी नलिनीताई डॉक्टर होत्या, आणि १९८३-८४ च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक, सागरवैज्ञानिक अदिती पंत, या त्यांच्या कन्या. आपल्या लेखात घराण्याच्या कर्तृत्वाचा परिच्छेद आहे, त्यात हे नाव यायला हवे होते.

आता विनंती. अप्पासाहेबांची खासगी कागदपत्रे दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. पूर्व आफ्रिकेतील भारतीयांचा इतिहास लिहिणाऱ्या परदेशी संशोधकांनी ती वापरली आहेत. मराठीत त्यांच्या आधारे लिहिलेले मला फारसे आढळले नाही. पुणे, कोल्हापूर आणि गोवा येथील विद्यापीठांच्या इतिहास विभागांत आफ्रिकेशी असलेल्या आपल्या संबंधांवर काम करू इच्छिणारे विद्यार्थी असतील, त्यांना एवढा धागा पुरेसा आहे. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात बाळासाहेबांच्या चित्रांची व त्यांनी जमवलेल्या कलावस्तूंची मांडणी उत्तम आहे. त्या टेकडीवर १९३९ ची राज्यघटना आणि नैरोबी-गंगटोकचा पत्रव्यवहार यांच्या प्रतिकृतींसाठी एखादी भिंत शासनाने द्यावी, अशी मागणी आपल्या दैनिकाने लावून धरली तर तिला वजन येईल. तोपर्यंत निदान लेखमालेच्या पुढील भागात अप्पासाहेबांच्या आफ्रिकेतील कार्याची नोंद घ्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक, सातारा